दुष्काळात झाड जगते कशावर?

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. शेतकऱ्यांनी टँकरने पाणी विकत आणून बागा जगवण्याची धडपड केली, आणि तरीही अनेकांना वर्षानुवर्षे पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे अखेर तोडावी लागली. तेव्हापासून पाऊस लांबला की हीच धास्ती पुन्हा मनात येते. बागायतदारांशी बोलताना दोन कोडी हमखास कानावर पडतात. एकाच विहिरीवरच्या, एकाच वयाच्या दोन झाडांपैकी एक वाळते आणि शेजारचे तगते, हे पहिले. दुसरे याहून चमत्कारिक आहे. भर उन्हाळ्यात तग धरून उभे राहिलेले झाड पाऊस होऊन गेल्यावर, म्हणजे पोटभर पाणी मिळाल्यावर, फांदीफांदीने वाळत जाते.

केवळ पाण्याचा विचार केला तर ही दोन्ही कोडी सुटत नाहीत. त्यासाठी झाडाच्या साखरेचा हिशोब मांडावा लागतो.

झाडाची मिळकत आणि झाडाचा खर्च

झाडाची मिळकत पानात होते. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून पान साखर तयार करते, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. त्या साखरेचा खर्च मात्र आपल्या फारसा ध्यानात नसतो. झाडाची प्रत्येक जिवंत पेशी रात्रंदिवस श्वास घेते आणि त्यासाठी साखर जाळते. नवी पांढरी मुळी, नवी पालवी, लाकडाचा नवा थर, फळ, बी आणि किडीला रोखणारा चीक किंवा डिंक हे सगळे त्याच साखरेतून घडते. इतके करूनही जे उरते, ते झाड स्टार्चच्या रूपात साठवते. स्टार्च म्हणजे साखरेचे असंख्य रेणू एकमेकांना जोडून केलेली घट्ट साखळी. कणगीत भरलेली ज्वारी तशीच्या तशी खाता येत नाही, ती दळावी लागते. स्टार्चही वापरायचा तर आधी तोडून त्याची साखर करावी लागते. पण कणगीतले धान्य जसे टिकते, तसा स्टार्चही टिकतो.

ही कणगी झाडात एका जागी नसते. मुळांत, खोडात, फांद्यांत आणि मोसंबी-संत्र्यासारख्या सदाहरित झाडांच्या पानांतही थोडा थोडा साठा असतो. लाकूड म्हणजे निर्जीव काष्ठ असे आपण समजतो, पण जिवंत झाडाच्या बाहेरच्या लाकडात सालीकडून गाभ्याकडे जाणाऱ्या जिवंत पेशींच्या बारीक रेषा असतात आणि स्टार्चचे कण त्यांतच भरलेले असतात. हे डोळ्यांनी पाहता येते. दिवाळीच्या सुमारास निरोगी झाडाची बोटाएवढी जाड फांदी धारदार चाकूने आडवी कापावी आणि कापलेल्या भागावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. मिनिटभरात फिकट लाकडावर काळ्या-निळ्या रेषा उमटू लागतात, जणू चाकाच्या आऱ्या. आयोडीनला स्टार्च भेटल्याची ती खूण आहे. द्राक्षाची काडी पक्व झाली की नाही हे ताडण्यासाठीही हीच परीक्षा वापरतात. हाच प्रयोग उपासमार झालेल्या झाडाच्या फांदीवर केला तर आयोडीनचा आपला तपकिरी डाग तेवढा दिसतो, काळ्या रेषा उमटत नाहीत. असे लाकूड वरून अगदी धडधाकट दिसते, हीच यातली फसगत आहे.

पाणी वाचवायचे तर मिळकत थांबते

पानाच्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. कार्बन डायऑक्साइड आत येतो तो त्यांतून आणि पाण्याची वाफ बाहेर जाते तीही त्यांतूनच. हा सौदा झाडाला फार महाग पडतो, कारण कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कमावण्यासाठी पाण्याचे काहीशे रेणू गमवावे लागतात. जमिनीत ओल असेपर्यंत हे परवडते. ओल तुटली की झाड पर्णरंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण त्याच क्षणी साखरेची मिळकतही थांबते.

मजुरी बंद झाली म्हणून घरातली चूल बंद होत नाही. झाडाचेही तसेच आहे. पेशींचा श्वास चालूच राहतो आणि उन्हाळ्यात तो अधिक वेगाने चालतो. तापमान दहा अंशांनी वाढले तर हा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत झाड ज्या स्थितीत उभे असते ती ही अशी: मिळकत जवळजवळ शून्य, खर्च चढता आणि आधार फक्त मागच्या हंगामात साठवलेल्या शिदोरीचा.

मग बागेला ताण देतो, तेव्हा झाड सुकून का जात नाही?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बागायतदाराला पडायलाच हवा, कारण मोसंबी, संत्री आणि डाळिंबाचा बहार धरण्यासाठी आपण मुद्दाम पाणी तोडतो. आंबे बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात काही आठवडे बाग कोरडी ठेवायची, हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस; पाने मलूल होऊन थोडी गळाली की खते देऊन पाणी सोडायचे, आणि झाड फुलांनी लगडते. पाणी तोडले की झाड उपाशी पडते असे वर म्हटले, मग इथे ते फुलते कसे?

याचे उत्तर क्रमात आहे. पाणी कमी पडू लागले की झाडाची वाढ सर्वांत आधी थांबते, कारण नवी पेशी फुगवायला पाण्याचा भरपूर दाब लागतो. साखरेची मिळकत त्यानंतर काही काळ, कमी प्रमाणात का होईना, चालू असते. खर्चाची सर्वांत मोठी बाब बंद झाली आणि मिळकत अजून आटलेली नाही, अशा त्या मधल्या दिवसांत शिल्लक उलट वाढते. नवतीवर, म्हणजे नव्या फुटीवर, खर्च होणारे अन्न फांद्यांत साठते, फांदीवरच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून कोंब फुटतात तिथे, फुलांची तयारी होते आणि पाणी सोडताच ते साठलेले अन्न फुलोऱ्यात उतरते. थंडी, झाडातली संप्रेरके आणि नत्राचे प्रमाण यांचाही फुलण्यात वाटा असतो, तरी साठलेल्या अन्नाशिवाय बहार येत नाही. आपल्या वाडवडिलांनी आयोडीन न वापरता केवळ पानाकडे पाहून हा मधला काळ नेमका ओळखायला शिकून घेतले, याचे मला फार मोल वाटते.

मात्र ही मधली पायरी अरुंद असते. ताण लांबला की पर्णरंध्रे पूर्ण मिटतात, शिल्लक वाढायची थांबते आणि मग घटू लागते. ताण आणि दुष्काळ यांतला फरक प्रामुख्याने दिवसांचा आहे, आणि झाडाने कोणत्या अवस्थेत त्यात पाऊल टाकले याचा आहे.

साखर पाणीही धरून ठेवते

आतापर्यंत साखरेला आपण केवळ अन्न म्हटले. दुष्काळात तिच्यावर दुसरे कामही येऊन पडते, आणि ते समजल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही.

साखरांबा करताना कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की तासाभरात पातेल्यात पाणी सुटलेले दिसते. साखर ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला पाणी ओढले जाते, एवढेच त्यामागचे कारण आहे. झाड हीच युक्ती स्वतःच्या पेशींच्या आत वापरते. माती सुकत चालली की ती पाणी सहजासहजी सोडत नाही. अशा वेळी मुळांतल्या आणि पानांतल्या पेशी स्टार्च तोडून विरघळलेल्या साखरेचे प्रमाण वाढवतात. आत साखर वाढली की पाणी आत ओढले जाते, किमान असलेले बाहेर जात नाही, आणि पेशी आक्रसून न जाता फुगीर राहते. पेशीचे नाजूक पापुद्रे आणि प्रथिने कोरडेपणात बिघडू नयेत म्हणूनही या साखरेचा उपयोग होतो. स्टार्च विरघळत नसल्याने त्याला यांतले काहीच करता येत नाही. त्याला आधी साखर व्हावे लागते.

यातून एक अडचण निर्माण होते. पाणी धरून ठेवणारी साखर झाडाला जाळून टाकता येत नाही. शेतकरी कितीही अडला तरी बियाण्याची शेवटची पायली खायला काढत नाही, तसे झाडाला काही साखर राखून ठेवावीच लागते. म्हणून दुष्काळात मेलेल्या झाडाच्या लाकडात कधी कधी बरीच साखर शिल्लक सापडते. ते झाड भुकेने मेलेच नाही, असा निष्कर्ष त्यावरून घाईने काढता येत नाही.

रस्ताच बंद पडला तर

साठा असणे आणि तो गरजेच्या जागी पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडात दोन वाहतुकी चालतात. लाकडातल्या जलवाहिन्या मुळांकडून पानांकडे पाणी नेतात. सालीच्या आतल्या पदरातल्या रसवाहिन्या पानांत तयार झालेला साखरेचा रस मुळांपर्यंत आणि फळांपर्यंत नेतात.

जलवाहिनीतले पाणी खालून पंपाने ढकललेले नसते, ते वरून ओढलेले असते. पानातून वाफ होणारा प्रत्येक थेंब आपल्यामागे पाण्याची अखंड दोरी ओढत असतो. माती कोरडी पडली की ही दोरी ताणली जाते, आणि एका मर्यादेनंतर तुटते. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. काही नळ्या गेल्या तर झाड निभावून नेते, पण बहुतेक गेल्या तर वरच्या फांद्यांना पाणी पोहोचतच नाही.

रसवाहिन्यांची व्यथा निराळी आहे. जर्मन वनशास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० साली मांडलेला आणि आजही मान्य असलेला विचार असा की, पानाकडे साखर जास्त असल्याने शेजारच्या जलवाहिनीतून रसवाहिनीत पाणी ओढले जाते, तिथे दाब वाढतो आणि त्या दाबाने रस मुळांकडे वाहतो. म्हणजे साखर वाहून नेण्यासाठीही पाणीच लागते. ते कमी पडले की रस दाट होत जातो. साध्या सरबताचा एकतारी पाक झाला तर तो बारीक नळीतून जसा सरकेनासा होतो, तसे इथे होते. खोडात थोडीफार शिदोरी असूनही टोकाची पांढरी मुळी उपाशी राहू शकते, ती अशी.

तहानेने मरते की भुकेने?

या प्रश्नाने वनशास्त्रज्ञांना गेली काही दशके गुंतवून ठेवले आहे, आणि त्याची सुरुवात अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या एका विलक्षण दृश्यापासून झाली. २००२-०३ च्या कडक दुष्काळात तिथले पिन्यॉन पाइन वृक्ष मैलोन्मैल तांबूस पडून मेले. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसजवळच्या एका अभ्यासक्षेत्रात मोठ्या पिन्यॉन वृक्षांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गेले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या ज्युनिपरची हानी मात्र कितीतरी कमी झाली. माती तीच होती आणि पाऊसही तोच होता.

दोघांचा स्वभाव वेगळा निघाला. पिन्यॉन जपून वागणारा. ओल कमी होताच तो पर्णरंध्रे मिटून घेतो. ज्युनिपर धोका पत्करतो. त्याच्या जलवाहिन्या अधिक ताण सोसतात, म्हणून तो बरेच दिवस छिद्रे उघडी ठेवून थोडी थोडी कमाई करत राहतो. शास्त्रज्ञ नेट मॅकडॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली यावरून अशी मांडणी केली की धोका पत्करणारी झाडे बहुधा जलवाहिन्या तुटून मरत असावीत आणि जपून वागणारी झाडे दुष्काळ लांबला की उपासमारीने. पिन्यॉनच्या बाबतीत खोडकिड्यांनीही घाव घातला. एरवी खोडात शिरणाऱ्या भुंगेऱ्याला झाड राळेत बुडवून मारते, पण राळ करायलाही साखरच लागते.

ही मांडणी आकर्षक होती, पण पुरती खरी ठरली नाही. जगभरातल्या २६ वृक्षप्रजातींवरचे प्रयोग एकत्र करून २०१७ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दुष्काळात मेलेल्या जवळपास प्रत्येक प्रजातीत जलवाहिन्यांची ६० टक्के किंवा त्याहून अधिक क्षमता गेलेली आढळली. साखरेचा साठा घटलेला मात्र सर्वांत आढळला नाही. अनेक प्रजातींत, त्यातही पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांत, तो घटलेला होता. झाडाचा शेवटचा श्वास बहुतेक वेळा तहानेनेच जातो, पण तो किती लवकर जातो हे शिदोरीवर ठरते, असे याचे सरळ वाचन मला पटते.

त्याला बळ देणारा एक सुंदर प्रयोग मलेशियातल्या सबाह प्रांतात झाला. वर्षावनातल्या १० जातींची सुमारे १,४०० रोपे घेऊन त्यांना कमी-अधिक उजेडात ठेवले गेले, म्हणजे काहींची शिदोरी भरली आणि काहींची रिकामी राहिली. नंतर सगळ्यांचे पाणी तोडले. ज्यांच्यात साखर आणि स्टार्चचा साठा अधिक होता, ती रोपे अधिक काळ जगली आणि त्यांच्या खोडात पाणीही अधिक काळ टिकले. भूक आणि तहान वेगळी काढता येत नाही, हे त्या रोपांनी दाखवले. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ही शिदोरी किती जुनी असते?

२०२० च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिन या राखीव वनात मोठा वणवा पेटला आणि तिथल्या प्राचीन रेडवुड वृक्षांची सगळी पाने जळून गेली. काही महिन्यांत त्या काळ्या ठिक्कर खोडांवर हिरवे कोंब फुटू लागले. पाने नसताना हे कोंब कशावर फुटले हे पाहण्यासाठी संशोधकांनी खोडांचे काही भाग काळ्या प्लास्टिकने झाकले, म्हणजे कोंबांना उजेडातून कमाई करता येऊ नये. मग त्या कोंबांतल्या कार्बनचे वय मोजले.

हे वय मोजता येण्यामागे एक दुर्दैवी योगायोग आहे. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातले किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले आणि १९६३ च्या बंदी करारानंतर ते दरवर्षी थोडे थोडे उतरत गेले. त्यामुळे पानाने ज्या वर्षी साखर केली, त्या वर्षीच्या हवेचा शिक्का तिच्यावर बसलेला असतो. रेडवुडच्या कोंबांत अर्ध्या शतकापूर्वी कमावलेला कार्बन सापडला. आजोबांनी पेवात टाकलेले धान्य नातवाच्या लग्नात निघावे, तसे हे झाले.

काही शंका

मुळाशी गुळाचे पाणी घातले तर शिदोरी भरेल का? गूळ घातलेले जीवामृत अनेकजण वापरतात, म्हणून ही शंका स्वाभाविक आहे. तो गूळ मातीतले सूक्ष्मजीव खातात आणि जमिनीच्या दृष्टीने त्याचा जो उपयोग व्हायचा तो होतो. पण झाडाची कणगी भरेल इतकी साखर मुळांवाटे आत जात नाही. कणगी भरते ती निरोगी पानातून, उन्हातून आणि ओलीतून.

सागवान आणि पळस दरवर्षी पाने गाळतात, तरी ते मरत नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे, कारण त्यांच्यासाठी ती उपासमार नेमाची असते. पाने गाळण्याआधी त्यांतले उपयोगी द्रव्य ही झाडे फांद्यांत ओढून घेतात, पावसाळ्यात साठा करून ठेवतात आणि कोरड्या महिन्यांत खर्च अगदी कमी ठेवतात. फाल्गुनात निष्पर्ण पळस पेटल्यासारखा फुलतो तो याच साठ्यावर. पहाटे मोहाच्या झाडाखाली जे गोड फूल वेचले जाते, त्यातला गोडवा त्याआधीच्या महिन्यांत पानांनी कमावलेला असतो. सलग दोन पावसाळे बुडाले तर मात्र हे गणितही कोसळू लागते.

पाऊस पडला की संकट सरले, ही समजूत सर्वांत घातक आहे. जगभरातल्या १,३०० हून अधिक ठिकाणच्या झाडांच्या वाढवलयांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र दुष्काळानंतर झाडांची वाढ १ ते ४ वर्षे नेहमीपेक्षा कमी राहिलेली दिसली. पावसानंतर झाडाला एकाच वेळी नवी मुळी, नवी पाने आणि तुटलेल्या जलवाहिन्यांच्या जागी नवे लाकूड हवे असते, आणि कणगी तर रिकामी असते. लेखाच्या सुरुवातीचे दुसरे कोडे इथे सुटते. पहिल्या पावसाने फुटलेली नवती शेवटची शिल्लक खाऊन टाकते, आणि ती पालवी कमावती होण्याआधी मूळकूज किंवा साल खाणारी अळी आली तर झाडाकडे प्रतिकाराला काही उरलेले नसते.

बागेपुरते बोलायचे तर

फळ हे झाडाच्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. फ्लोरिडात मरकॉट जातीच्या संत्र्याची झाडे भरघोस पीक दिल्यावर अचानक कोसळत असत. तपासले तेव्हा त्यांच्या मुळांतला स्टार्च संपलेला निघाला. तिथे तर दुष्काळही नव्हता. म्हणूनच पाणी पुरणार नाही असे दिसताच झाडावरची फळे उतरवून टाकण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. वाढलेली फळे हाताने तोडताना जीव तुटतो, पण त्या प्रत्येक फळाबरोबर मुळांच्या वाट्याची साखर वाचते. बुंध्याभोवती पाचटाचे किंवा भुशाचे आच्छादन केल्याने ओल जितके दिवस अधिक टिकते, तितके दिवस झाडाची छिद्रे उघडी राहतात आणि थोडी कमाई चालू राहते. आणि पहिल्या कोड्याचे उत्तरही इथेच आहे: एका विहिरीवरच्या दोन झाडांतले ज्याने मागच्या वर्षी फळांचा जास्त भार वाहिला किंवा ज्याची पाने किडीने खाल्ली, ते बहुधा आधी जाते.

दुष्काळातून वाचलेल्या बागेवर लगेच पुढचा बहार धरावा का, हा निर्णय कर्जाच्या हप्त्यावर अवलंबून असतो हे मी जाणतो. तरीही ज्याला शक्य असेल त्याने तो एक बहार सोडून द्यावा, ताण देऊ नये आणि झाडाला फक्त पाने करू द्यावीत. नव्या रोपांनाही हेच लागू आहे. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले गेले होते. अशा मोहिमांत आपण खड्डे आणि रोपे मोजतो. पण दाट सावलीत, लहान पिशवीत वाढलेल्या कोवळ्या रोपाच्या खोडात साठा करायला जागाच नसते, आणि ते पहिल्या उन्हाळ्यापर्यंत तग धरू शकत नाही. रोपवाटिकेतून निघण्याआधी काही आठवडे उन्हात ठेवलेले, खोड जाड झालेले, पावसाच्या आरंभीच लावलेले रोप हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तीन-चार महिने कमावते. त्याची काडी तेव्हा कापून आयोडीन टाकले, तर तिच्यावर काळ्या रेषा उमटायला हव्यात.